कुत्र्याच्या देहातले बाबा: एका मराठी कौटुंबिक चित्रपटाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मुंबईतल्या एका छोट्या निर्मितीसंस्थेने हा चित्रपट हाती घेतला तेव्हा गोष्ट एका वाक्यात सांगता येत होती. मुलुंडच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी, आवारातल्या कुत्र्यांना कुणी खाऊ घालू नये अशी नोटीस लावणारे गृहस्थ, त्याच आवारातल्या कुत्र्याच्या देहात अडकतात. घरी बायको, शाळकरी मुलगी आणि आई. घरच्यांना वाटतं, वॉचमनचा कुत्रा उगाच आपल्या दारात येऊन बसतो.

चित्रपटाचं नाव, माणसांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील इथे मुद्दाम दिलेले नाहीत. मी पटकथेचा सल्लागार म्हणून या कामात होतो आणि शेवटच्या मिक्सिंगपर्यंत, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवण्याच्या कामापर्यंत, सोबत राहिलो. प्राणी घेऊन चित्रपट करू पाहणाऱ्या मराठी मंडळींना या निर्णयांचा उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

परकायाप्रवेश ही कल्पना आपल्या प्रेक्षकाला समजावून सांगावी लागत नाही. शंकराचार्यांनी मृत राजाच्या देहात प्रवेश केल्याची कथा आपण लहानपणी ऐकलेली असते. ज्ञानेश्वरांनी पैठणला रेड्याच्या तोंडून वेद वदवले हे तर घराघरात ठाऊक आहे. त्यामुळे ‘असं कसं होईल’ हा प्रश्न कुणी विचारत नाही, ‘मग घरच्यांना कळतं का?’ हाच विचारतात. म्हणून लेखकाने शाप, साधू, जादूची अंगठी वगैरे सगळं काढून टाकलं. सेक्रेटरी आणि कुत्रा लिफ्टमध्ये असताना वीज जाते. वीज येते तेव्हा बाबा खालून वर बघत असतात. बस.

लेखकाच्या पहिल्या खर्ड्यात कुत्र्याच्या जागी माकड होतं. पण अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांना खेळ करणारे प्राणी म्हणून शिकवायला आणि लोकांसमोर आणायला केंद्र सरकारच्या १९९८ च्या अधिसूचनेने बंदी आहे. माकड तिथेच गेलं. मला विचाराल तर गोष्टीचं भलंच झालं, कारण कुत्र्यावरून होणारी भांडणं मुंबईच्या कोणत्याही सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ऐकायला मिळतात.

पहिला निर्णय: तोंड हलवायचं का?

चित्रीकरणाच्या बरंच आधी सगळ्यांत जास्त चर्चा झाली ती यावर. बाबांचा आवाज प्रेक्षकाला ऐकू येणार हे नक्की होतं. पण तो कुत्र्याच्या तोंडातून येताना दिसायला हवा का?

निर्मात्यांना तोंड हललेलं हवं होतं. मुलांना बोलणारा कुत्रा आवडतो आणि ट्रेलरमध्ये तेच विकलं जातं, हे त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्यासाठी खरा कुत्रा चित्रित करून त्याचा जबडा व्हीएफएक्सने, म्हणजे संगणकावर, नव्याने बसवावा लागतो. डोकं जरा हललं की तो जबडा प्रत्येक फ्रेममध्ये त्याच्याबरोबर फिरला पाहिजे. अख्खा कुत्राच संगणकावर तयार करणं हा दुसरा पर्याय. तिथे अंगावरचे केस ही सर्वांत खर्चिक बाब, आणि या गोष्टीत तर पाऊस होता, म्हणजे केस ओले. तिसरा पर्याय यांत्रिक बाहुल्याचा. जवळच्या एखाद्या दृश्यात तो चालला असता, पण चालताना, धावताना निभावला नसता. चौथा पर्याय सगळ्यांत साधा: खरा कुत्रा, बंद तोंड, आणि वरून बाबांचं मनातलं बोलणं.

दिग्दर्शक चौथ्याच्या बाजूने होते, पण त्यांचं कारण ‘ते जास्त खरं वाटतं’ इतकंच होतं आणि तेवढ्याने निर्माते ऐकत नव्हते. निर्णय फिरवला तो संकलकाने. तोंड हलवायचं तर बाबांचे संवाद व्हीएफएक्स सुरू होण्याआधी कायमचे ठरवावे लागतात, मग शब्द बदलला की जबड्याचं काम पुन्हा. बंद तोंड ठेवलं तर मिक्सिंगच्या आदल्या दिवशीही वाक्य बदलता येतं. विनोदी चित्रपटात संवाद शेवटपर्यंत घासावे लागतात. ही सोय सोडणं आपल्याला परवडणार नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं आणि विषय मिटला.

एक नियमही त्याच बैठकीत ठरला: बाबांचा आवाज फक्त प्रेक्षकाला ऐकू येईल, घरच्यांना भुंकणंच ऐकू येईल. आधीच्या खर्ड्यात मुलीला वडिलांचं बोलणं समजत होतं, ते काढलं. पुढे या नियमाने चित्रपट अनेकदा सावरला.

परवानगी

चित्रपटात प्राणी असेल तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाची चित्रीकरणापूर्वी परवानगी लागते आणि चित्रपट पूर्ण झाल्यावर त्यांचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर सेन्सॉर बोर्डात गाडी अडते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार १९६२ मध्ये स्थापन झालेलं हे मंडळ पूर्वी चेन्नईला होतं, आता हरयाणात बल्लभगडला आहे. मुंबईतल्या मुंबईत खिडकीपाशी उभं राहून होणारं हे काम नाही, तेव्हा वेळ हाताशी ठेवावा लागतो. प्राण्याचे प्रसंग लिहून द्यायचे आणि पशुवैद्यकाचा दाखला जोडायचा. निर्मितीची रोजची व्यवस्था बघणाऱ्या लाइन प्रोड्युसरने हे काम चोख केलं.

पण मंडळाकडे प्रसंग पाठवण्यासाठी ज्यांनी नियम वाचले, त्या दोघांपलीकडे युनिटमध्ये ते कुणीही वाचले नाहीत. प्राण्यांच्या कामासंबंधीच्या २००१ च्या नियमांत अगदी सेटवर भिंतीला लावून ठेवाव्यात अशा गोष्टी आहेत. फार गुळगुळीत फरशीवर न घसरणारी मॅट घातल्याशिवाय प्राण्याला वापरू नये. स्फोटाच्या किंवा मोठ्या आवाजाच्या दृश्याजवळ त्याला ठेवू नये. गुंगीचं औषध देऊ नये. खरी अडचण यातल्या पहिल्याच, फरशीच्या नियमातून निघाली.

अडचण

कुत्रे दोन होते, एकाच विणीतले गावठी भाऊ, तपकिरी, छातीवर पांढरा ठिपका. प्रशिक्षकाने दोघांनाही पिल्लं असताना रस्त्यावरून उचलून वाढवलेलं. एकाला धावायची हौस, दुसरा स्वभावाने बसका. गोष्टीतला कुत्रा नसबंदी झालेला दाखवायचा होता, म्हणजे कानाला खाच हवी. ती बसक्याच्या डाव्या कानाला होती, धावणाऱ्याला नव्हती. तेव्हा पळण्याची सगळी दृश्यं उजव्या बाजूने घ्यायची असं ठरलं. कंटिन्युटी, म्हणजे शॉटमागून शॉट तपशील जुळते राहणं, सांभाळणाऱ्या मुलीने प्रत्येक शॉटच्या कागदावर कुत्र्याच्या कानाचं चित्र काढून ठेवलं होतं. तिच्या त्या कागदांमुळे संकलनात एकदाही गोंधळ झाला नाही.

घरातली दृश्यं पुनर्विकास झालेल्या एका इमारतीतल्या खऱ्या फ्लॅटमध्ये होती. हॉलभर चकचकीत व्हिट्रीफाइड टाइल्स. दिग्दर्शकांना ती चमक हवी होती, कारण बाबांना आपल्या नव्या फ्लॅटचा अभिमान आहे हे एका नजरेत दिसतं. पहिले काही दिवस बसका कुत्रा छान काम करतोय असं सगळ्यांना वाटलं. बायको सेक्रेटरींच्या तब्येतीबद्दल फोनवर बोलत असते आणि कुत्रा मोठी जांभई देतो. आई देवापुढे गाऱ्हाणं घालते आणि तो मान वळवून डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघतो. मुलगी गृहपाठ वाचून दाखवते आणि तो ओठ चाटतो. रशेस, म्हणजे चित्रित झालेले कच्चे शॉट, बघताना सगळी खोली हसली. वैतागलेले बाबा हुबेहूब असेच बसतात, असं निर्माते म्हणाले.

प्रशिक्षक मागे उभे होते. ते हसले नाहीत. तोच शॉट परत लावायला सांगून त्यांनी पडद्यापाशी येऊन बोट ठेवलं.

“सर, हा कंटाळलेला नाही. हा घाबरलाय. पंजे बघा.”

जांभईच्या शॉटमध्ये पुढच्या पायांची नखं टाइल्सवर रुतायचा प्रयत्न करत होती आणि बोटं फाकलेली होती. शेपूट पोटाखाली. थकवा नसताना दिलेली जांभई, समोर खायला काही नसताना ओठ चाटणं, मान वळवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवणं, ही कुत्र्याच्या मनावरच्या ताणाची ठळक लक्षणं आहेत. माणसाचा चेहरा समजून आपण ती वाचली की ती विनोदी दिसतात. ज्यांना सगळे उत्तम टेक म्हणत होते, तेच नेमके कुत्र्याचे सर्वांत वाईट क्षण होते.

दोन दिवसांनी त्याने हॉलच्या उंबऱ्यापाशी बसकण मारली आणि आत यायलाच तयार होईना.

कोणते पर्याय समोर होते

त्या दुपारी काम थांबलं. फ्लॅटचं भाडं चालू, आणि बाबांच्या भूमिकेतल्या नटाच्या तारखा नाटकाचे प्रयोग आणि मालिका यांच्यामधून कशाबशा काढलेल्या. निर्मात्यांचा पहिला विचार दुसऱ्या भावाला आत आणायचा होता. पण फरशी तीच असताना कुत्रा बदलून काय साधणार, असं प्रशिक्षकांनी विचारलं. कुत्र्याचं काम हिरव्या पडद्यासमोर वेगळं करून नंतर जोडायचं, असंही निघालं. त्यात आईची भूमिका करणाऱ्या ज्येष्ठ अभिनेत्री अडल्या. “मी रिकाम्या जमिनीकडे बघून बोलेन रे, पण मग ते तसंच दिसेल,” एवढंच त्या म्हणाल्या.

शेवटी स्वीकारला तो मार्ग कुणीही आधी सुचवलेला नव्हता: कुत्र्याकडून घ्यायचं कामच कमी करायचं. मी या बाजूचा होतो आणि आजही आहे. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांनी १९२० च्या सुमारास दाखवून दिलं होतं की नटाचा एकच निर्विकार चेहरा सूपच्या थाळीशेजारी जोडला तर भुकेला वाटतो आणि शवपेटीशेजारी जोडला तर दुःखी. माणसाच्या चेहऱ्याबाबत जे खरं, ते कुत्र्याबाबत जास्तच खरं. त्याने अभिनय करायची गरजच नाही. तो स्वस्थ बसलेला असला आणि समोरच्या माणसाने आपलं काम नीट केलं, की बाबा तिथे आपोआप दिसतात.

काय केलं

फरशीवर टाइल्सच्याच रंगाची न घसरणारी मॅट अंथरली. आर्ट डिपार्टमेंटने तिच्यावर पातळ झिलई दिली, कॅमेऱ्यात फरक कळत नव्हता. शॉट सुरू होताना वाजवतात तो पाटीचा क्लॅप कुत्र्याच्या तोंडाशी वाजत होता, तो बंद करून शॉटच्या शेवटी लांबून हळू द्यायला सुरुवात केली. हॉलमध्ये लागतील तेवढीच माणसं ठेवली. पटकथेतल्या कुत्र्याच्या ‘कृती’ लेखकाने एकेक करून तपासल्या आणि बऱ्याचशा माणसांकडे वळवल्या. मूळ प्रसंगात कुत्रा बाबांचा चष्मा तोंडात धरून बायकोसमोर ठेवतो. नव्या प्रसंगात बायकोच चष्मा शोधत सगळ्या घरभर फिरते, कुत्रा ज्या कपाटासमोर बसलाय ते सोडून सगळीकडे, आणि बाबांचा आवाज आधी विनवतो, मग चिडतो, मग हताश होतो. कुत्रा जागचा हलत नाही. चित्रपटगृहात सगळ्यांत मोठा हशा तिथेच आला.

आईचं दृश्य याच रीतीने झालं. आई संध्याकाळी दारातल्या कुत्र्याला भात घेऊन येते आणि मुलाला जे तोंडावर कधी म्हणाली नाही ते कुत्र्याला सांगते: घर नवं झालं, पण माझी जुनी खिडकी गेली, तू एकदा विचारलंही नाहीस. पडद्यावर वाटीत दूधभात दिसतो. प्रत्यक्षात पशुवैद्यकाच्या सांगण्यावरून मऊ भात आणि कोंबडी उकडलेलं बिनमिठाचं पाणी होतं. बाई जन्मभराच्या शाकाहारी, पण त्यांनी स्वतः कालवलं आणि आधी अर्धा तास कुत्र्याजवळ नुसत्या बसून राहिल्या. कॅमेरा सुरू झाला तेव्हा कुत्र्याने दोन घास खाल्ले, हनुवटी मॅटवर टेकली आणि डोळे अर्धवट मिटले. प्रशिक्षकांनी एकही खूण केली नव्हती. या दृश्यासाठी बाबांचे संवाद लिहिले होते, ध्वनिमुद्रितही केले होते. संकलनात ते सगळे काढले. तोंड न हलवण्याचा निर्णय इथे खऱ्या अर्थाने कामाला आला.

विसर्जनाची मिरवणूक

दुसरं मोठं वळण शेवटाकडच्या प्रसंगाचं. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत कुत्रा, म्हणजे बाबा, लालबागच्या गर्दीत हरवतात. लेखकाला खरी मिरवणूक हवी होती. ढोल, ताशे, फटाके आणि पाय ठेवायला जागा नसलेला रस्ता. नियम तर आड येतच होते, पण नियम नसते तरी ते करू नये असंच माझं मत राहिलं असतं. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला ४५,००० च्या आसपासपर्यंत. ताशाच्या शेजारी त्याचं काय होत असेल याची आपल्याला कल्पनाच करता येणार नाही.

रात्री चित्रनगरीत रस्ता उभारून गर्दी आणायची, असाही विचार झाला. गोरेगावची चित्रनगरी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे, तिथल्या सेटवर बिबटे आल्याच्या बातम्या अधूनमधून येतात आणि भटकी कुत्री हे बिबट्याचं नेहमीचं भक्ष्य. प्रशिक्षकांनी रात्रीचं काम तिथे करायला साफ नकार दिला, तो सर्वांनी मानला.

मग छायालेखकाने सुचवलं की या प्रसंगात कुत्रा दाखवायचाच नाही. कॅमेरा कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, माणसाच्या गुडघ्याइतका. छोटं युनिट खऱ्या मिरवणुकीत गेलं, कुत्रा घरी. पडद्यावर दिसतात ते पाय, तुटलेली चप्पल, ढोलाची खालची कड, ट्रॉलीची चाकं, रस्त्यावर सांडलेला गुलाल. कुत्र्याच्या डोळ्यांना निळा आणि पिवळा हे रंग नीट कळतात, लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही. म्हणून रंगसंस्करणात गुलालाचा लाल काढून तो मातकट केला. अख्खा लालबाग गुलालात न्हालाय आणि बाबांना तो दिसत नाही. वरून फक्त त्यांचा आवाज, बायकोला आणि मुलीला हाका मारणारा. बदललेला प्रसंग लाइन प्रोड्युसरने मंडळाला कळवला.

मुलांसाठीचा चाचणी खेळ

पहिलं संकलन ओळखीच्या कुटुंबांतल्या मुलांना दाखवलं. पहिल्या अर्ध्या तासात मुलं हसली आणि मग गप्प झाली. बाहेर आल्यावर एका सात-आठ वर्षांच्या मुलीने दिग्दर्शकांना विचारलं, “बाबा मेलेत का?” बाबांचं शरीर त्या आवृत्तीत अतिदक्षता विभागात बेशुद्ध होतं. मोठ्यांना ती निव्वळ कथेची सोय वाटत होती, मुलांच्या मनातून मात्र ती खाट जात नव्हती आणि पुढच्या विनोदाकडे त्यांचं लक्षच लागत नव्हतं.

दोन तोडगे होते. डॉक्टरांच्या तोंडी धीर देणारं वाक्य घालणं स्वस्त होतं. दुसरा तोडगा पॅचवर्क शूटचा, म्हणजे काही दृश्यं नंतर नव्याने चित्रित करून जोडण्याचा: शरीर घरीच ठेवायचं, त्यात कुत्रा शिरलेला, आणि घरच्यांना वाटतं बाबांना कामाचा ताण झालाय, डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय. इथे निर्मात्यांनी पैसे काढले, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. नटाला दोन प्रयोगांच्या मधल्या दिवसांत बोलावलं. दारापाशी अंग मुडपून झोपणारे, कुकरची शिट्टी झाली की मान तिरकी करणारे, कुणी घरी आलं की आनंदाने आधी जिन्यापर्यंत धावणारे बाबा चित्रपटाला अचानक मिळाले. नटाने हे सगळं दोन्ही कुत्र्यांसोबत एक सकाळ घालवून उचललं होतं. आता मुलीला दोन बाबा होते, एक प्रेमळ पण न बोलणारा, एक सगळं बोलणारा पण ऐकू न येणारा. पटकथेत इतक्या खर्ड्यांमध्ये जे सापडलं नव्हतं, ते एका मुलीच्या प्रश्नातून सापडलं.

निकाल

चित्रपटाला ‘यू’ प्रमाणपत्र मिळालं आणि मंडळाचं ना हरकत प्रमाणपत्रही अडलं नाही. प्रदर्शनात मराठी चित्रपटाची नेहमीची लढाई होतीच. बऱ्याच मल्टिप्लेक्समध्ये दुपारचे खेळ मिळाले, आणि शाळेच्या दिवसांत दुपारी कुटुंब येणार कसं? शनिवार-रविवारचे खेळ भरले, आठवड्यातले रिकामे गेले. खर्च निघाला तो पुढे ओटीटीच्या हक्कांतून. ट्रेलरमध्ये बोलणारं तोंड नसल्यामुळे तो फिका पडला ही निर्मात्यांची तक्रार अजूनही आहे आणि तिच्यात तथ्य आहे. आतला विनोद घरच्या माणसांचा होता, तो दीड मिनिटात दिसत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

प्रशिक्षक पटकथा पूर्ण झाल्यावर आले. ते दुसऱ्या खर्ड्यापासून हवे होते. चष्म्याचा प्रसंग, मिरवणूक, टाइल्स, यातलं प्रत्येक कागदावरच सुटलं असतं, आणि मॅटचा खर्च बंद पडलेल्या एका दुपारच्या भाड्याहूनही कमी होता. लोकेशन बघायला जातानाही कुत्र्यांना सोबत न्यायला हवं होतं. दारात पाऊल ठेवताच त्यांनी सांगितलं असतं.

चाचणी खेळही संकलनानंतर ठेवायची गरज नव्हती. पटकथेचं वाचन मुलांसमोर झालं असतं तर अतिदक्षता विभागाची खाट बांधावीच लागली नसती.

एका गोष्टीवर युनिटमध्ये आजही दोन मतं आहेत. रशेसमधली ती जांभई. संकलकाचं म्हणणं, कुत्र्याला जो त्रास व्हायचा तो होऊन गेला, तेव्हा शॉट वापरला असता तर त्याचं काही बिघडत नव्हतं, आणि हशा पक्का होता. प्रशिक्षकांचं म्हणणं, ते दृश्य बघून उद्या घरोघरी मुलं घाबरलेल्या कुत्र्याला हसतील आणि त्याच्या अंगावर जातील. लहान मुलांना कुत्रा चावतो तो अनेकदा अशी लक्षणं मोठ्यांनीही न ओळखल्यामुळे. दिग्दर्शकांनी शॉट काढला. मलाही तेच योग्य वाटतं, जरी त्या जागी आलेला शॉट तितका हसवत नाही.